कोचेलातला टुपाक, २०१२ : एका ‘होलोग्राम’ मैफलीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

१५ एप्रिल २०१२, रविवार रात्र. कॅलिफोर्नियातल्या इंडिओच्या मैदानावर कोचेला संगीत महोत्सवाचा समारोप चालू होता आणि स्टेजवर डॉ. ड्रे आणि स्नूप डॉग हे रॅपर होते. कार्यक्रम संपत आला असताना अंधारात एक माणूस उभा असलेला दिसला. कमरेच्या वर उघडा, पोटावर गोंदण, गळ्यात सोन्याचा क्रॉस, खाली जीन्स. त्यानं मान वर केली, ड्रेला आणि स्नूपला हाक दिली, मग समोरच्या गर्दीला कोचेलाचं नाव घेऊन शिवीसकट ललकारलं आणि गायला लागला. तो अमेरिकी रॅपर टुपाक शकूर होता. ७ सप्टेंबर १९९६ ला लास व्हेगासमध्ये त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, १३ तारखेला तो गेला. वय २५.

दोन गाणी झाली. त्यातलं एक स्नूपबरोबरचं, १९९६ मध्ये दोघांच्या आवाजात आलेलं. मग प्रकाशाचा एक स्फोट झाला आणि आकृती विरून गेली. सगळा मामला पाचेक मिनिटांचा. महोत्सव त्या वर्षी पहिल्यांदाच सलग दोन शनिवार-रविवार होता, त्यामुळे २२ एप्रिलला हे सगळं पुन्हा एकदा, अगदी तसंच, घडलं.

मृत कलाकाराला पडद्यावर आणणं तेव्हा नवं नव्हतं. एल्व्हिस प्रेस्ली जुन्या चित्रफितीतून गातोय आणि त्याचे मूळ साथीदार खाली प्रत्यक्ष वाजवतायत, असे दौरे १९९० च्या दशकातच निघाले होते. पण तिथे पडदा पडदाच होता, तो लपवायचा कुणी प्रयत्न केला नव्हता. ड्रेच्या डोक्यात दुसरंच होतं. टुपाक स्नूपच्या शेजारी उभा दिसायला हवा होता.

आधी शब्दाचं पाहू

याला सगळे होलोग्राम म्हणतात, पण हा होलोग्राम, म्हणजे प्रकाशानं घडलेली खरी त्रिमिती प्रतिमा, नाही. आकृती सपाट आहे, तिला पाठ नाही. ही युक्ती लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये १८६२ च्या नाताळात लोकांना दाखवली गेली. कल्पना हेन्री डर्क्स यांची, ती स्टेजवर बसेल अशी करून घेतली जॉन हेन्री पेपर यांनी, म्हणून नाव पडलं ‘पेपर्स घोस्ट’. रात्रीच्या एसटीत खिडकीशी बसलं की काचेत आपला चेहरा दिसतो आणि त्याच चेहऱ्यातून बाहेरच्या गावाचे दिवेही दिसतात. चेहरा जणू बाहेर शेतात तरंगतोय. आत उजेड, बाहेर काळोख आणि मध्ये काच, एवढंच लागतं. ड्रायव्हरनं आतले दिवे घालवले की भूत गेलं.

कोचेलात काचेऐवजी ताणलेली पारदर्शक फिल्म होती. म्युझिऑन या कंपनीची ‘आयलायनर’ नावाची पद्धत. ही आपल्याकडेही येऊन गेली आहे: २०१२ च्या गुजरात विधानसभा आणि २०१४ च्या लोकसभा प्रचारात नरेंद्र मोदींच्या ‘थ्री-डी सभा’ याच जातीच्या होत्या.

अडचण

अडचणी तीन होत्या आणि तिन्हींची जात वेगळी.

पहिली, मैदानाची. ही पद्धत बंदिस्त, काळोख्या सभागृहासाठी जन्मली. कोचेलाचं मुख्य स्टेज उघड्यावर, वाळवंटात. वाऱ्यानं फिल्म फुगली की माणूस लांबट होतो, धूळ बसली की फिल्म असल्याचं उघड पडतं. त्यात हिप-हॉपचा बास. २००६ च्या ग्रॅमी सोहळ्यात गोरिलाझ या कार्टून पात्रांच्या रूपात दिसणाऱ्या बँडचा कार्यक्रम याच पद्धतीनं झाला तेव्हा हा धडा मिळाला होता: खालचे सूर वाढवले की फिल्म थरथरते आणि तिच्याबरोबर पात्रंही. कार्टून थरथरलं तर खपून जातं. माणसाचा चेहरा थरथरला की खेळ संपला.

दुसरी, सामग्रीची. टुपाकची चित्रणं होती, पण या कामाची नव्हती. पेपर्स घोस्टसाठी माणूस डोक्यापासून बुटापर्यंत पूर्ण चौकटीत हवा, कॅमेरा एका जागी हवा, मागे निव्वळ काळं हवं. जुन्या कार्यक्रमांच्या चित्रणात कॅमेरा हलतो, पाय कापले जातात, मागे साथीदार आणि धूर असतो.

तिसरी अडचण कागदावरची. गेलेल्या माणसाकडून नवं काम करून घ्यायचं तर विचारायचं कुणाला? कॅलिफोर्नियाच्या कायद्यात मृत व्यक्तीचं नाव, आवाज, चेहरा यांचा व्यापारी वापर वारसांच्या परवानगीशिवाय करता येत नाही, आणि ही मुदत मृत्यूनंतर ७० वर्षांची आहे. टुपाकच्या बाबतीत वारस स्पष्ट होत्या, त्याची आई अफेनी शकूर. त्यांनी १९९७ मध्येच अमारू एंटरटेनमेंट काढून मुलाचं काम एका छत्राखाली आणलं होतं. हे नशीब सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. चार भावंडं, दोन रेकॉर्ड कंपन्या आणि एक जुना मॅनेजर अशी वारसदारी असेल तर प्रकल्प इथेच अडकतो.

हाताशी असलेले मार्ग

मोठ्या पडद्यावर जुनं चित्रण आणि खाली स्नूप. स्वस्त, सुरक्षित, पण जे हवं होतं ते यात नाही.

तोतया कलाकार. आवाज मूळचा, माणूस दुसरा. हजारो लोकांसमोर, ज्याचा चेहरा भिंतीभिंतीवर आहे त्याच्या नावानं, हे हास्यास्पद झालं असतं.

जाळीदार पडद्यावर थेट प्रोजेक्शन. बांधायला सोपं आणि वाऱ्यालाही फिल्मपेक्षा बरं, कारण हवा आरपार जाते. पण जाळी पुढच्या रांगांना दिसते आणि कॅमेऱ्याला तर हमखास दिसते. महोत्सव इंटरनेटवर थेट जात होता, म्हणजे खरा प्रेक्षक कॅमेऱ्यापलीकडचा.

उरली तिरकी फिल्म, आणि तिच्यावर काय दाखवायचं हा प्रश्न. जुन्या चित्रणातून टुपाक कापून घ्यायचा की नवा घडवायचा? कापून घेतलेला टुपाक जे कधीकाळी गायला तेवढंच गाणार. नवा घडवला तर त्याला हवं ते करायला लावता येतं. निवड दुसऱ्याची झाली. या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय हाच, आणि तो तांत्रिक वाटला तरी तांत्रिक नव्हता.

काय केलं

आकृती घडवायचं काम डिजिटल डोमेनकडे गेलं. ब्रॅड पिटचा म्हातारा चेहरा संगणकावर घडवून २००९ मध्ये व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळवणारा हा स्टुडिओ. स्टेजवरची उभारणी एव्ही कॉन्सेप्ट्स या कंपनीची. अफेनी शकूर यांची संमती घेतलेली होती.

उभारणी अशी असते. प्रोजेक्टर वर टांगतात आणि त्याचा झोत खाली, स्टेजच्या जमिनीवर आडव्या टाकलेल्या पांढऱ्या पृष्ठभागावर पाडतात. तो प्रेक्षकांना दिसू नये म्हणून स्टेजची कड उंच ठेवतात किंवा तो खड्ड्यात बसवतात. त्याच्यावर ४५ अंशांत फिल्म ताणतात, खालची कड मागे आणि वरची कड प्रेक्षकांकडे झुकलेली. जमिनीवरचं चित्र फिल्मवरून परावर्तित होऊन प्रेक्षकांकडे येतं, आणि डोळ्याला ते फिल्मच्या मागे सरळ उभं असल्यासारखं दिसतं. फिल्म ४ मीटर उंचीपर्यंत न्यायची तर तिची तिरकी लांबी सुमारे ५.६५ मीटर भरते आणि स्टेजची ४ मीटर खोली नुसत्या फिल्मखाली जाते. जिवंत कलाकारांची जागा त्याच्या मागे, म्हणजे खोली आणखी हवी.

साध्या पारदर्शक फिल्मवरून ४५ अंशांत जेमतेम दहा-पंधरा टक्के प्रकाश परततो, बाकीचा आरपार जातो. म्हणून प्रोजेक्टर दांडगे लागतात. कोचेलात एकावर एक जुळवलेल्या तीन प्रतिमा मिळून ५४ हजार ल्युमेन (प्रकाश मोजायचं एकक) होते. प्रतिमा एकावर एक जुळवल्या की प्रकाश वाढतो, पण एक जरी केसभर सरकली तर चेहऱ्याला दुहेरी कड येते, आणि लोखंडी सांगाड्यावर टांगलेला प्रोजेक्टर बासनं सरकतोच. जुळवणी कार्यक्रमाआधी शक्य तितक्या उशिरा तपासायची, ती एवढ्यासाठी.

या पद्धतीत काळं म्हणजे काहीच नाही. चित्रात काळं आहे तिथे प्रकाश नाही, तिथून मागचं स्टेज दिसतं. काळा शर्ट घातलेला गायक आला तर धडाशिवाय दोन हात आणि मुंडकं तरंगताना दिसेल. टुपाकचं उघडं अंग, चमकती साखळी आणि फिकट जीन्स हा त्याचा ओळखीचा अवतार होताच, शिवाय फिल्मला मानवणारा होता. कडेनं प्रकाशाची बारीक रेघ दिली की आकृती काळोखातून सुटी होते.

पायांकडे फार थोडे लक्ष देतात आणि तिथेच चोरी पकडली जाते. आकृतीचे बूट स्टेजच्या पातळीला टेकलेले दिसायला हवेत. दोन इंच वर गेले तर माणूस तरंगतो, खाली गेले तर घोटे जमिनीत रुततात. चित्रातला कॅमेरा प्रेक्षकांच्या डोळ्याच्या उंचीशी जुळवायचा असतो, आणि मैदानात पुढची रांग स्टेजच्या खाली तर मागची शंभर मीटर लांब. सगळ्यांसाठी बरोबर असा कोन नाहीच. कुणासाठी चुकवायचं एवढंच ठरवायचं. कार्यक्रम थेट दाखवला जातोय तर उत्तर बहुधा मुख्य कॅमेऱ्याच्या बाजूनं लागतं.

स्नूपचं काम वाटतं त्यापेक्षा अवघड होतं. फिल्ममागच्या कलाकाराला आकृती तिच्या जागी दिसतच नाही, ती फक्त प्रेक्षकांसाठी तिथे असते. रिकाम्या जागेकडे बघून नाचायचं, जमिनीवरच्या खुणा आणि बाजूचा मॉनिटर यांच्या भरवशावर. चुकून आकृतीच्या जागेवर पाय पडला तर माणूस माणसातून आरपार दिसणार. ताल कानात वाजणाऱ्या क्लिकवर, म्हणजे यंत्राच्या ठोक्यावर, बांधलेला, कारण चित्र थांबत नाही. इथे समेवर येण्याची जबाबदारी एकट्या जिवंत कलाकाराची.

आणि दिवे. समोरून आलेला एक मोकळा झोत फिल्मवर पडला की पारदर्शक पडदा प्रेक्षकांना लखलखीत दिसतो. त्यामुळे आकृती असेपर्यंत समोरचे दिवे बंद, कलाकार बाजूनं आणि वरून उजळलेले, धूर जेमतेम. रॉक किंवा हिप-हॉपच्या प्रकाशयोजनाकाराला हे हातपाय बांधल्यासारखं वाटतं.

निर्णयाचे क्षण

वेळ किती द्यायचा, हा पहिला. पाच मिनिटं आणि दोन गाणी, तीही समारोपाच्या भरात. हा निर्णय सगळ्यात चांगला होता असं आमचं मत. पहिलं मिनिट धक्क्याचं असतं. दुसऱ्यात माणूस ओळख पटवतो, तिसऱ्यापासून दोष शोधतो. पुढे रॉय ऑर्बिसन (२०१८) आणि फ्रँक झॅपा (२०१९) या दिवंगत संगीतकारांचे पूर्ण लांबीचे दौरे निघाले, तिथे हाच प्रश्न तासभर सांभाळावा लागला. ऑर्बिसनच्या बाबतीत त्याचा काळा चष्मा कामी आला असणार. चेहऱ्यात सगळ्यात अवघड डोळे, आणि ते झाकलेले.

दुसरा निर्णय त्या ललकारीचा. टुपाक १९९६ ला गेला आणि कोचेला महोत्सव सुरू झाला १९९९ मध्ये. म्हणजे त्या रात्री त्याच्या तोंडी घातलेलं ते अभिवादन त्यानं कधी केलेलं असणं शक्य नाही. गाणी त्याची, आवाज त्याचा, पण ती एक ओळ कुणीतरी त्याच्यासाठी लिहिली. मैदानातल्या लोकांसाठी तोच क्षण अंगावर काटा आणणारा होता, कारण ‘तो इथे आहे’ हे त्याच ओळीनं पटलं. जुनं ध्वनिमुद्रण हालत्या चित्रासह वाजवणं आणि गेलेल्या माणसाकडून नवं बोलून घेणं, यांतली सीमा तिथे ओलांडली गेली. आजचा आवाजाच्या नकलेचा सगळा वाद बीजरूपानं त्या एका वाक्यात आहे.

तिसरा क्षण पहिल्या आणि दुसऱ्या प्रयोगाच्या मधल्या आठवड्यातला. यूट्यूबवर सगळ्यांनी पाहून झालं होतं. काही बदलायचं का? चित्र आधीच संगणकातून काढून ठेवलेलं असतं, बदल म्हणजे पुन्हा दिवसच्या दिवस काम. तेच दाखवलं गेलं. आपल्या नाटकांत वन्समोअर मिळाला की गायक तेच पद घेतो, पण तीच तान घेत नाही. इथे तीच तान, तोच हात, तीच मान.

निकाल

गाजण्याच्या बाबतीत यश पुरेपूर. जूनमध्ये कानच्या जाहिरात महोत्सवात या कामाला टायटॅनियम पुरस्कार मिळाला. टुपाकचा जुना निवडक गाण्यांचा संच बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत परतला. अशा आकृतीचा खर्च १ लाख ते ४ लाख डॉलर किंवा त्याहून जास्त येऊ शकतो, असं उभारणी करणाऱ्या कंपनीकडून सांगितलं गेलं. दौरा निघणार अशा बातम्या लगेच आल्या. ड्रेनं त्या खोडून काढल्या, हे फक्त कोचेलापुरतं होतं म्हणून.

आकृती घडवणारा स्टुडिओ मात्र संकटात सापडला. डिजिटल डोमेनची मूळ कंपनी ११ सप्टेंबर २०१२ ला, म्हणजे पाच महिन्यांत, दिवाळखोरीत गेली. कारण टुपाक नव्हे, फ्लोरिडातल्या नव्या स्टुडिओचा आणि कर्जाचा बोजा. निर्मितीचा धंदा लिलावात ३ कोटी डॉलरच्या आसपास गेला. घेणारे दोघे, चीनच्या गॅलपिंग हॉर्सची अमेरिकी शाखा आणि तीस टक्क्यांची भागीदार मुंबईची रिलायन्स मीडियावर्क्स.

मागून आलेल्यांचं सगळंच जमलं नाही. दिवंगत गायिका व्हिटनी ह्यूस्टनची आकृती २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही स्पर्धेच्या अंतिम फेरीत क्रिस्टिना अगिलेराबरोबर गाणार होती. चित्रण आधीच फुटलं, आणि आकृती दाखवण्याच्या लायकीची झालेली नाही म्हणून वारसांनी ते थांबवलं. चार वर्षांनी दुसऱ्या कंपनीबरोबर त्यांनी दौरा काढला. गायिका एमी वाइनहाउसच्या आकृतीचा दौरा ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर झाला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये पुढे ढकलला गेला.

वेगळं काय करता आलं असतं

करारात संगणकावर घडवलेल्या आकृतीच्या फाइलचा ताबा. टुपाकच्या करारात काय लिहिलं होतं हे सोडा, पण प्रश्न प्रत्येक वारसानं विचारण्यासारखा आहे: उद्या स्टुडिओ बुडाला तर आईनं संमती दिलेला मुलाचा चेहरा लिलावाच्या यादीत जाणार का? प्रयोग किती, कुठे, नवी वाक्यं चालतील का, आणि काम झाल्यावर फाइल कुणाच्या कपाटात, हे चार मुद्दे पहिल्याच कागदावर हवेत. वारसांना तयार आकृती दाखवून ‘नाही’ म्हणायचा हक्कही त्यातच. ह्यूस्टनच्या प्रकरणात हा हक्क होता म्हणूनच निभावलं.

साधनही आज वेगळं निवडता येईल. २०२२ पासून लंडनमध्ये चालू असलेल्या ॲबा या स्वीडिश बँडच्या कार्यक्रमात तिरकी फिल्म नाही, प्रचंड एलईडी पडदा आहे आणि त्यासाठीच बांधलेलं प्रेक्षागृह आहे. वारा आणि थरथर यांचा प्रश्नच मिटला, काळाही खरा काळा मिळाला. पण खर्च १४ कोटी पौंड, आणि चौघेही हयात असल्यामुळे आठवडेच्या आठवडे स्वतः कॅमेऱ्यांसमोर उभे राहिले. मृत कलाकाराच्या बाबतीत ती सोय नाही, तिथे हालचाली दुसऱ्याच्या अंगावरून घ्याव्या लागतात.

आपल्याकडे एखाद्या गायकाच्या जन्मशताब्दीला असं काही करायचं कुणाच्या मनात आलं, तर मैदान टाळावं. नाट्यगृह घेतलं तर आधी बाल्कनीत जाऊन बसावं. खालच्या रांगांपासून लपवलेला जमिनीवरचा उजळ पडदा वरून सरळ दिसतो, आणि मग भुताचं पितळ उघडं पडतं. कडेच्या खुर्च्या विकू नयेत, तिथून आकृती पुठ्ठ्याची दिसते. कायद्याची बाजू कॅलिफोर्नियाइतकी सरळ नाही. कलाकाराचा सादरीकरणाचा हक्क ५० वर्षांचा, गीत आणि चाल यांचा निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६०, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६०. चेहरा आणि आवाज मात्र अधांतरी: सुशांतसिंह राजपूतच्या प्रकरणात २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं व्यक्तिमत्त्वाचे हक्क व्यक्तीबरोबरच संपतात अशी भूमिका घेतली. तरीही ए. आर. रहमान यांनी २०२४ मध्ये बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज एआयनं वापरले तेव्हा घरच्यांना विचारलं आणि मानधनही दिलं.

टुपाकच्या वारसांपुढे हा प्रश्न त्याच वर्षी पुन्हा आला. अफेनी शकूर २०१६ मध्ये गेल्या होत्या. एप्रिल २०२४ मध्ये रॅपर ड्रेकनं प्रतिस्पर्धी रॅपर केंड्रिक लमारवरच्या एका गाण्यात टुपाकचा एआयनं घडवलेला आवाज वापरला, कुणाला न विचारता. वारसांच्या वकिलांनी २४ तासांची मुदत देणारी नोटीस धाडली आणि गाणं उतरवलं गेलं.